लाइन डिफरेंशियल एसडीएचवरून एमपीएलएसवर नेताना: विलंब, दोन दिशांतला फरक आणि एन्क्रिप्शन

उपकेंद्र२२०

नमस्कार मंडळी,

२२० केव्हीची ८४ किमीची लाइन आहे. मेन-१ आणि मेन-२ हे दोन्ही संरक्षण रिले लाइन डिफरेंशियल, म्हणजे दोन्ही टोकांचे करंट ताडून लाइनमधला फॉल्ट ओळखणारे; दोन्हींत डिस्टन्स बॅकअप, म्हणजे एकाच टोकाच्या व्होल्टेज-करंटवरून फॉल्टचं अंतर ठरवणारा. सध्या दोन्ही रिले सी३७.९४ (रिलेसाठीच्या फायबर जोडणीचं मानक) पोर्टमधून एसडीएच (ठरावीक वेळेच्या चॅनेलची जुनी दळणवळण यंत्रणा) मल्टिप्लेक्सरला जोडलेले आहेत, प्रत्येकी ६४ केबीपीएस. एसडीएचची सुटी कार्डं मिळेनाशी झाली आहेत, त्यामुळे सगळं आयपी-एमपीएलएसवर, म्हणजे पॅकेटच्या नेटवर्कवर, जायचंय. त्याच नेटवर्कवर स्काडाचा, म्हणजे दूरनियंत्रणाचा, १०४ प्रोटोकॉल, सीसीटीव्ही, फोन आणि ऑफिसचा ट्रॅफिकही येणार. थेट मार्ग लाइनच्याच ओपीजीडब्ल्यूवरून (टॉवरच्या माथ्यावरची, आत फायबर असलेली तार), ८४ किमी. रिंगची दुसरी बाजू ३१० किमी, वाटेत सहा नोड.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. टेलिकॉमवाले म्हणतात, "विलंब ५ मिलिसेकंदांच्या आत देतो, आणखी काय हवं?" एवढं पुरेसं आहे का? फास्ट रीरूट (मार्ग तुटला की नेटवर्कने आपोआप दुसरी वाट धरणं) चालू ठेवू की बंद करू? आणि सायबर सुरक्षेची मंडळी प्रोटेक्शनसकट सगळं एन्क्रिप्ट करा म्हणताहेत, ते रिलेला झेपेल का?

---

फेजर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ५ मिलिसेकंद हा आकडा चांगलाच आहे, पण तुमच्या रिलेला त्याहून महत्त्वाचा आहे जाण्याच्या आणि येण्याच्या विलंबातला फरक. निविदेत फक्त "कमाल विलंब" लिहिला असेल तर त्याखाली आणखी एक ओळ घाला: दोन दिशांतला फरक कोणत्याही स्थितीत, म्हणजे स्विचिंगनंतरसुद्धा, इतक्या मायक्रोसेकंदांच्या आत.

कारण असं. रिले समोरच्या टोकाला निरोप पाठवतो, तो परत यायला लागलेला वेळ मोजतो आणि त्याचा अर्धा भाग हा एका दिशेचा विलंब समजतो. दोन्ही दिशा सारख्या असतील तर हे बरोबर. नसतील तर फरकाच्या अर्ध्याएवढी चूक समोरच्या करंटच्या कोनात शिरते. ५० हर्ट्झला १ मिलिसेकंद म्हणजे १८ अंश.

तुमचेच आकडे घेऊ. फायबरमध्ये साधारण ५ मायक्रोसेकंद प्रति किमी लागतात. ८४ किमीला ०.४२ मिलिसेकंद, ३१० किमीला १.५५. समजा एकाच दिशेचा मार्ग लांबच्या बाजूने गेला आणि दुसरी दिशा थेट मार्गावरच राहिली. फरक १.१३ मिलिसेकंद, चूक त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे १० अंश. दोन्ही टोकांना सारखाच करंट असताना रिलेला त्याच्या जवळपास १८ टक्के खोटा डिफरेंशियल करंट दिसेल. ६०० अँपिअर लोडवर १०६ अँपिअर. पिकअप, म्हणजे रिले हलण्याची सीमा, २०० अँपिअरला असेल तर काहीच होणार नाही आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. बाहेर कुठेतरी फॉल्ट होऊन लाइनमधून ५,००० अँपिअर गेले की खोटा करंट ८८० च्या पुढे. बायसचा स्लोप (लाइनमधल्या करंटच्या किती टक्के डिफरेंशियल करंट रिले चालवून घेईल ते) ३० टक्के असेल तर रिले तेव्हाही तग धरेल, पण निम्म्याहून जास्त मार्जिन चॅनेलनेच खाल्लेलं असेल. त्यात एका टोकाचा सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) सॅच्युरेट झाला की लाइन विनाकारण ट्रिप. मग महिनाभर सीटीची तपासणी चालते आणि चॅनेलकडे कोणी बघत नाही.

अल्फा प्लेनवर, म्हणजे दोन टोकांच्या करंटच्या गुणोत्तरावर, चालणारा रिले असेल तर कोनातली चूक तो बरीच जास्त सहन करतो, पण ते भांडवल सीटी सॅच्युरेशनसाठी राखून ठेवलेलं असतं. ते टेलिकॉमला आंदण देऊ नका.

जीपीएसवर वेळ जुळवून फरकाचा प्रश्नच मिटवता येतो, असं कोणीतरी सुचवेलच. खरं आहे, पण मग प्रोटेक्शन छतावरच्या अँटेनावर अवलंबून राहतं. जीपीएस जॅम करायला किंवा खोटा सिग्नल द्यायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. वापरायचंच असेल तर जीपीएस गेल्यावर रिले काय करेल, ब्लॉक होईल की पुन्हा जुन्या पद्धतीवर येईल, ते सेटिंगमध्ये आधी ठरवा.

---

काचतंतू

एमपीएलएसकडे वळण्याआधी एक साधा प्रश्न: ओपीजीडब्ल्यूत एक जोडी मोकळी आहे का? असेल तर मेन-१ सरळ फायबरवर टाका, मध्ये एकही डबा नको. १५५० नॅनोमीटरला ०.२२ डीबी प्रति किमी धरलं तर ८४ किमीला १८.५ डीबी. चार-चार किमीचे ड्रम धरले तर २१ जोड, प्रत्येकी ०.१ म्हणजे २.१. दोन्ही टोकांचे कनेक्टर मिळून १. जुनं होण्याची तरतूद ३. सगळं मिळून २५ च्या आत. २८-३० डीबी बजेटचं मॉड्यूल आरामात पुरतं. १३१० ला मात्र जमणार नाही, नुसत्या फायबरचेच २९ डीबी होतात.

एक खबरदारी घ्या. असं लांब पल्ल्याचं मॉड्यूल टेबलावर तपासताना एक मीटरच्या पॅचकॉर्डने लूप करू नका. रिसीव्हर जळतो, किंवा जळत नाही पण अर्धवट बहिरा होतो, आणि ते जास्त वाईट. १५-२० डीबीचा अटेन्युएटर मध्ये घाला.

आता मेन-२, म्हणजे एमपीएलएसवरचा. तिथे तुमचा ६४ केबीपीएसचा अखंड प्रवाह पॅकेटमध्ये कापून पाठवला जातो, पलीकडे बफरमध्ये गोळा होतो आणि पुन्हा अखंड करून रिलेला दिला जातो. गडबडीच्या जागा इथेच आहेत.

पॅकेटचा आकार: दर पॅकेटला ८ बाइट घेतले तर पॅकेट भरायला १ मिलिसेकंद. याहून मोठं पॅकेट घेतलं की बँडविड्थ वाचते आणि विलंब वाढतो. इथे बँडविड्थची काटकसर नकोच. ८ बाइट, लेबलं, कंट्रोल वर्ड, इथरनेटचं डोकं-शेपूट मिळून ३८ बाइट होतात, पण इथरनेटची किमान फ्रेम ६४ ची. प्रीअँबल आणि गॅप धरून तारेवर ८४ बाइट. सेकंदाला हजार पॅकेट, म्हणजे ६४ केबीपीएससाठी ६७२ केबीपीएस. ऐकायला उधळपट्टी वाटते, पण गिगाबिट लिंकवर ती ०.०७ टक्का आहे. उलट फायदा असा की १२ बाइटचा आरटीपी (वेळेची नोंद असलेला) हेडर लावला तरी फ्रेम ६४ च्या आतच राहते, तेव्हा तो लावाच. डिफरेंशियल क्लॉक रिकव्हरीला (पलीकडे मूळ घड्याळाचा वेग परत मिळवण्याला) त्याचा उपयोग होतो.

जिटर बफर, म्हणजे मागेपुढे येणारी पॅकेटं गोळा करणारा तोच बफर: डिफॉल्टला बऱ्याच कार्डांवर तो नको इतका मोठा असतो. फायबरच्या नेटवर्कवर प्रोटेक्शनला पहिली रांग दिलेली असेल तर २ मिलिसेकंद पुरतो. खरी मेख वेगळीच आहे. लिंक उडून परत आली की दोन्ही टोकांचे बफर आपापले नव्याने भरतात आणि दरवेळी अगदी सारख्याच पातळीवर बसतील याची खात्री नसते. एक १.८ वर, दुसरा २.४ वर, झाला ०.६ मिलिसेकंदाचा फरक, तोही मार्ग न बदलता. चांगल्या कार्डांत हा फरक स्वतः मोजून बफर समान करण्याची सोय असते. प्रत्येक उत्पादक त्याला वेगळं नाव देतो, तेव्हा नाव विचारत बसू नका, "लिंक वीस वेळा तोडून जोडल्यावर जास्तीत जास्त फरक किती?" असं विचारा आणि फॅक्टरी टेस्टला समोर करून घ्या.

क्लॉक: वाटेतल्या प्रत्येक नोडवर सिंक्रोनस इथरनेट, म्हणजे सगळ्या नोडना एकाच घड्याळावर चालवणारं इथरनेट, असायला हवं. मधला एक जरी साधा स्विच असला तर साखळी तिथे तुटते. आणि रिलेचं क्लॉक "एक्स्टर्नल" ठेवा, दोन्ही टोकांना. थेट फायबरवरून मल्टिप्लेक्सरवर आणलेल्या रिलेत "इंटर्नल" तसंच राहून जातं, ही नेहमीची चूक. लक्षण ओळखायला सोपं आहे: ठरावीक अंतराने स्लिप. दोन घड्याळांतला फरक १ पीपीएम (दहा लाखांत एक) असेल तर दर १२५ सेकंदांनी एक फ्रेम घसरते. चॅनेलच्या चुका घड्याळ लावल्यासारख्या येत असतील तर फायबर साफ करत बसू नका, आधी क्लॉक बघा.

मध्ये कुठे मायक्रोवेव्ह हॉप असेल तर तोही तपासा. १५१८ बाइटची फ्रेम गिगाबिटवर १२ मायक्रोसेकंद घेते, १० एमबीपीएसवर १.२ मिलिसेकंद. प्रोटेक्शनचं पॅकेट पहिल्या रांगेत असलं तरी निघालेली फ्रेम संपेपर्यंत त्याला थांबावंच लागतं. आणि पावसात अॅडॅप्टिव्ह मॉड्युलेशन खाली उतरतं, तेव्हा सगळं गणित सर्वांत खालच्या वेगावर करायचं.

---

उपकेंद्र२२०

मोकळी जोडी आहे, मेन-१ थेट टाकता येईल. पण मग मेन-१ आणि मेन-२ चा थेट मार्ग दोन्ही एकाच ओपीजीडब्ल्यूत आले. आणि फास्ट रीरूटचं राहिलंच.

---

फेजर

एकाच ओपीजीडब्ल्यूची भीती अर्धीच खरी आहे. टॉवर पडला तर लाइनही पडलेली असते आणि पहिल्या काही मिलिसेकंदांत रिलेने काम उरकलेलं असतं. खरी अडचण वीज पडून नुसती ओपीजीडब्ल्यूची बाहेरची तार तुटते आणि लाइन चालूच राहते तेव्हा. म्हणून मेन-२ चा कायमचा मार्ग रिंगच्या लांबच्या बाजूने द्या, दोन्ही दिशांना. १.५५ मिलिसेकंद फायबरचे, १ पॅकेटचा, २ बफरचे, नोडचे किरकोळ धरून ५ च्या आत बसतं. लांब मार्ग वाईट नाही, दोन दिशांना दोन मार्ग वाईट.

फास्ट रीरूट या चॅनेलसाठी बंद. आयपी-एमपीएलएसमध्ये जाणारा आणि येणारा मार्ग हे दोन स्वतंत्र एलएसपी (लेबलांनी आखलेल्या वाटा) असतात आणि एकाला वाट बदलावी लागली तर दुसऱ्याला पत्ताही नसतो. ट्रॅफिक वाचवायला केलेली सोयच इथे अंगावर येते. एसडीएच रिंगमध्येही एकाच दिशेने स्विच होण्याचा हाच धोका होता, नवीन काही नाही. मार्ग नोड-नोड लिहून पक्का करा, दोन्ही दिशांना तेच नोड उलट क्रमाने. तुमचे राउटर एमपीएलएस-टीपी देत असतील तर त्यात दोन्ही दिशा एकाच मार्गाला बांधून ठेवता येतात, प्रोटेक्शनसाठी ते सोयीचं.

मार्ग तुटला तर चॅनेल जाऊ द्या. रिले ८७ (म्हणजे डिफरेंशियल) ब्लॉक करून डिस्टन्सवर येईल, मेन-१ थेट फायबरवर चालूच आहे. चुकीचं चालणाऱ्या चॅनेलपेक्षा बंद पडलेला चॅनेल कधीही बरा. रिलेला दोन चॅनेलची सोय असेल तर दुसरा थेट मार्गावर ठेवा आणि अदलाबदल रिलेला करू द्या, नेटवर्कला नको.

---

कुलूपकिल्ली

एन्क्रिप्शनबद्दल. "सगळं एन्क्रिप्ट करा" हे वाक्य सोपं आहे, पण कशाने आणि कोणत्या थरावर ते विचारा.

मॅकसेक दोन शेजारच्या नोडमधल्या लिंकवर, पोर्टच्या हार्डवेअरमध्ये चालतं. विलंब मायक्रोसेकंदांत आणि दोन्ही दिशांना सारखा, फ्रेमला ३२ बाइटपर्यंत भर, किल्ली बदलताना ट्रॅफिक थांबत नाही. प्रोटेक्शनला हे चालतं. एमटीयू (सर्वांत मोठ्या फ्रेमची मर्यादा) आधीच वाढवून ठेवा, नाहीतर सीसीटीव्हीच्या मोठ्या फ्रेम गळतील आणि दोष मॅकसेकला जाईल. आयपीसेक (आयपीच्या थरावरचं एन्क्रिप्शन) मात्र बऱ्याच उपकरणांत सीपीयूवर चालतं. लोड वाढला की विलंब बदलतो, तोही दोन टोकांना वेगवेगळा. डिफरेंशियलच्या वाटेत ते नको. थेट फायबरवरच्या मेन-१ ला मी काहीच लावणार नाही. टॉवरवर चढून चालू लाइनच्या ओपीजीडब्ल्यूमधून ६४ केबीपीएस पळवणारा माणूस तुमच्या यादीत पहिला नसावा.

यादीत पहिला आहे तो चोरलेल्या पासवर्डने आत येणारा. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधल्या तीन वितरण कंपन्यांवर हल्ला झाला आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. कोणी कूटलेखन फोडलं नव्हतं. चोरलेल्या खात्यांनी व्हीपीएनमधून शिरले, दुसरी खातरजमा मागणारं काही नव्हतं, आणि ऑपरेटरच्याच पडद्यावरून ब्रेकर उघडले. तुमच्यासाठी धडा पुढच्या भागात आहे: सबस्टेशनमधल्या सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअर त्यांनी खराब करून टाकलं, त्यामुळे दूरनियंत्रण परत मिळेना आणि माणसं पाठवून हाताने ब्रेकर जोडावे लागले. टेलिकॉमची खोली हीच लक्ष्य होती. पुढच्या वर्षी, १७ डिसेंबर २०१६ ला कीव्हजवळच्या पारेषण उपकेंद्रावर जे वापरलं गेलं, ते मालवेअर थेट १०१, १०४ आणि ६१८५० या उपकेंद्रांतल्या प्रोटोकॉलची भाषा बोलत होतं.

म्हणून पैसा आणि वेळ आधी इथे घाला.

राउटर, मल्टिप्लेक्सर कार्ड आणि कन्व्हर्टरचं मॅनेजमेंट वेगळ्या व्हीआरएफमध्ये (राउटरमधला स्वतंत्र कप्पा), एकाच जंप सर्व्हरमधून (आत शिरायचं एकमेव यंत्र), दोन टप्प्यांच्या खातरजमेने. एसएनएमपी (उपकरणांवर देखरेखीचा प्रोटोकॉल) आवृत्ती ३, टेलनेट बंद, वेब पान गरज नसेल तर बंद. फर्मवेअर चढवण्याचा हक्क रोजच्या खात्याला नको. कन्व्हर्टरवर दूरून फर्मवेअर टाकणं जंपरने बंद करता येत असेल तर करा. प्रत्येक उपकरणाची कॉन्फिगरेशनची प्रत नेटवर्कबाहेर ठेवा आणि एक भरलेलं सुटं कार्ड कपाटात.

१०४ ला मुळात ओळख तपासणंच नाही. टीसीपी २४०४ वर जो जोडला तो मास्टर. आरटीयूला (उपकेंद्रातल्या दूरनियंत्रणाच्या पेटीला) जमत असेल तर ६२३५१-३ या मानकाप्रमाणे टीएलएस (एन्क्रिप्शन आणि ओळख तपासणी) लावा, त्याचा पोर्ट १९९९८. जुन्या आरटीयूला जमत नाही, तिथे १०४ समजणारा फायरवॉल दारात बसवा. मुख्य आणि राखीव नियंत्रण केंद्राच्या पत्त्यांनाच टाइप ४५ ते ५१ आणि ५८ ते ६४ म्हणजे आज्ञा पाठवू द्या. नुसता डेटा घेणाऱ्यांना टाइप १०० पुरे, तेवढ्याने सगळ्या स्थिती मिळतात. १०५ म्हणजे रीसेट प्रोसेस आणि १२० पासूनचे फाइल ट्रान्सफर वापरात नसतील तर सर्वांनाच बंद. सुरुवातीचे काही आठवडे फायरवॉल फक्त नोंद करण्याच्या मोडमध्ये ठेवा. राखीव केंद्र वर्षातून एकदाच आज्ञा पाठवतं आणि नेमकं त्याच दिवशी अडवलं जातं.

सीसीटीव्ही आणि ऑफिस वेगळ्या व्हीआरएफमध्ये, आणि त्यांच्यावर वेगमर्यादा. कॅमेरा कुंपणावर असतो, त्याची केबल कोणीही ओढून लॅपटॉपला लावू शकतो. त्या पोर्टवर ८०२.१एक्स (जोडणाऱ्या उपकरणाची ओळख तपासणं) लावा, लिंक पडली की अलार्म येऊ द्या. गूस (६१८५० मधले रिले-रिलेतले झटपट निरोप) सबस्टेशनच्या बाहेर जाऊ देऊ नका. लाइनच्या पलीकडे खरोखर पाठवायचंच असेल तर त्या दोन टोकांपुरता बंदिस्त एल२ (इथरनेटच्या थरावरचा) मार्ग, बाकी कुठे त्याचा वास नको.

---

जुना मल्टिप्लेक्सर

कुलूपकिल्लीच्या यादीत एक भर. राखीव दुवा उपग्रहाचा असेल तर तोही परक्याच्या हातात आहे हे धरून चाला. २४ फेब्रुवारी २०२२ ला केए-सॅट या उपग्रहाचे मोडेम दूरून निकामी केले गेले आणि जर्मनीतल्या एका उत्पादकाच्या ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रण गेलं. चक्क्या फिरतच होत्या, फक्त त्यांच्याशी बोलता येईना. डिस्टन्सच्या कॅरिअर ट्रिपसाठी लाइनवर पीएलसीसी (विजेच्या तारेवरूनच सिग्नल पाठवणारी यंत्रणा) शिल्लक असेल तर ते भंगारात काढायची घाई नको. ४० ते ५०० किलोहर्ट्झच्या त्या जुन्या पेटीला ना आयपी पत्ता, ना पासवर्ड.

आणि बॅटरी. एसडीएच ४८ व्होल्टवर होतं, नवे राउटर आणि पीओई (नेटवर्क केबलवरूनच वीज घेणारे) कॅमेरे मिळून त्याच चार्जरवर किती अँपिअर चढवतात ते मोजा. कॅमेऱ्यांना वेगळा एमसीबी द्या, म्हणजे ब्लॅकआउटमध्ये ते आधी तोडता येतील आणि प्रोटेक्शनचा राउटर जिवंत राहील.

---

उपकेंद्र२२०

मस्त माहिती. शेवटचं: चालू करताना नेमकं काय तपासायचं? रिलेच्या पडद्यावर चॅनेलचा विलंब दिसतो, तो बघितला की पुरे का?

---

फेजर

तो आकडा जाऊन-येऊन लागलेल्या वेळेचा असतो, किंवा त्याचा अर्धा. फरक त्यात दिसतच नाही. जाताना १ आणि येताना ४ असले तरी रिले शांतपणे २.५ दाखवेल.

फरक बघायचा तर लाइनवर लोड असताना दोन्ही टोकांच्या करंटमधला कोन बघा, १८० च्या किती जवळ आहे ते. लोड ३०० अँपिअरच्या वर असेल तेव्हाच. २२० केव्हीच्या ८४ किमी लाइनचा चार्जिंग करंट ३० अँपिअरच्या आसपास असतो आणि हलक्या लोडवर तोच कोन फिरवतो. त्याहून पक्कं हवं असेल तर दोन्ही टोकांना जीपीएसवर जुळवलेले टेस्ट सेट लावून एंड-टू-एंड.

मग फायबर काढून बघा, पण फक्त एकच. टेस्टमध्ये सगळे डुप्लेक्स कनेक्टर अख्खा उपटतात, त्यामुळे दोन्ही दिशा एकदम पडतात आणि सगळं छान दिसतं. प्रत्यक्षात एक ट्रान्समीटर मरतो. क्लिप सोडवा, आधी फक्त टीएक्स (पाठवणारा) काढा, मग परत लावून फक्त आरएक्स (घेणारा). मधल्या नोडवरही तेच. दरवेळी चॅनेल दोन्ही दिशांनी गेला का, परत आल्यावर डिफरेंशियल करंट पहिल्याएवढाच आहे का, हे लिहून ठेवा. नंतर कार्ड रीबूट, राउटर रीबूट, क्लॉकचा मुख्य स्रोत तोडून. हे सगळं करताना ट्रॅफिक जनरेटरने लिंक गच्च भरलेली असू द्या, रिकाम्या नेटवर्कवर क्यूओएसची (प्राधान्याच्या रांगांची) चूक कधीच सापडत नाही. मॅकसेक लावणार असाल तर लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा, पूर्ण टेस्ट.

टेस्टच्या वेळी ८७ चा ट्रिप ब्लॉक केलेला असतो. शेवटी तो काढला का, हे दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन टोकांना बघायचं.

---

काचतंतू

त्यात एक जोडा: जिथे मार्ग आपोआप बदलण्याची परवानगी ठेवली असेल, म्हणजे स्काडा वगैरेसाठी, तिथे मूळ मार्गावर परतणंही आपोआप नको. अर्धवट तुटलेला फायबर वाऱ्याबरोबर जोडतो-तुटतो आणि १०४ चं सेशन दर काही मिनिटांनी आपटत राहतं. ऑपरेटरने लिंक स्थिर आहे हे बघून हाताने परत न्यावं.